लॅपटॉपवर ‘ड्युअल ग्राफिक्स’ लिहिलंय, म्हणजे डबल ताकद का?

बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी सुरू होते. इंजिनिअरिंगला लॅपटॉप लागणारच, आणि घ्यायचाच आहे तर त्यावर गेमही नीट चालले पाहिजेत, असं पोरांचं म्हणणं असतं. ते काही चुकीचं नाही. यंदा भाच्याबरोबर मीही गेलो होतो. काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले. एकाच्या चिठ्ठीवर ‘सिंगल ग्राफिक्स’, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ‘ड्युअल ग्राफिक्स’, आणि किमतीत चांगलाच फरक. भाचा कानाशी येऊन म्हणाला, “मामा, ह्यात दोन कार्डं हायत. म्हणजे डबल पळणार न्हवं?”

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. ओळखीतल्या निम्म्या घरांतून मला तो विचारला जातो, आणि दुकानदार घाईत असल्यामुळं “दोन म्हणजे चांगलंच की” एवढ्यावर विषय मिटतो. गोंधळाचं मूळ असं की ‘दोन ग्राफिक्स’ या शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. एक आजच्या जवळजवळ प्रत्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये असते. दुसरी काही वर्षांपूर्वी खरोखर होती, आता इतिहासजमा झाली आहे. पहिलीला दुसरी समजून लोक पैसे मोजतात.

ग्राफिक्स कार्ड करतं काय?

पडद्यावरचं हलतं चित्र म्हणजे भराभर बदलणाऱ्या स्थिर चित्रांची माळ, हे कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी सिनेमा इथं रुजवला, १९२९ साली प्रभात कंपनी सुरू झाली तीही इथंच. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात.

सिनेमाच्या फ्रेम आधीच काढून ठेवलेल्या असतात. गेमच्या नसतात. तुम्ही माउस डावीकडं फिरवला की डावीकडची भिंत, तिच्यावरचा उजेड, मागं पळणारा शत्रू हे सगळं त्या क्षणी नव्यानं रंगवावं लागतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा घेतलात आणि त्याचा पुरेपूर उपयोग करायचा म्हटलं, तर सात मिलिसेकंदही नाहीत. ही रंगरंगोटी करणारी चिप म्हणजे जीपीयू. जीपीयू, त्याची स्वतःची मेमरी आणि त्याला वीज पुरवणारे भाग मिळून ग्राफिक्स कार्ड होतं.

लॅपटॉपमध्ये हे ‘कार्ड’ आता सहसा सुटं नसतंच. चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. बोलताना सगळे कार्डच म्हणतात, मीही तसंच म्हणणार आहे, पण एक गोष्ट लक्षात राहू द्या: आज घेतलेलं कार्ड लॅपटॉपच्या शेवटापर्यंत तेच राहणार. “पुढं पैसे आले की मोठं टाकून घेऊ” हे डेस्कटॉपला जमतं, इथं नाही. म्हणूनच खरेदीच्या दिवशी हा विषय नीट समजणं गरजेचं आहे.

टास्क मॅनेजरमध्ये दोन दिसतात, ती कोणती?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडलं की बऱ्याच लॅपटॉपवर ‘जीपीयू ०’ आणि ‘जीपीयू १’ अशा दोन ओळी दिसतात. दुकानातलं ‘ड्युअल’ म्हणजे हेच.

यातला एक जीपीयू इंटेलच्या किंवा एएमडीच्या प्रोसेसरच्या पोटातच असतो. त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. त्याला स्वतःची मेमरी नसते, लॅपटॉपच्या रॅममधूनच तो आपला वाटा घेतो. दुसरा वेगळा, मोठा, स्वतःची मेमरी घेऊन बसलेला: एनव्हीडियाचा आरटीएक्स किंवा एएमडीचा रेडिऑन. याला डिस्क्रीट किंवा डेडिकेटेड म्हणतात. मी पुढं छोटं आणि मोठं एवढंच म्हणेन.

शेतकऱ्याच्या दारात मोपेड असते आणि ट्रॅक्टरही असतो. दूध घालायला ट्रॅक्टर कुणी काढत नाही आणि उसाची ट्रॉली मोपेडला कुणी जोडत नाही. लॅपटॉपचंही तसंच. ईमेल, यूट्यूब, कॉलेजचा प्रोजेक्ट अशा कामांना छोटं कार्ड पुरतं, तेव्हा मोठं झोपलेलं असतं आणि बॅटरी टिकते. गेम उघडला की मोठं जागं होतं. ही अदलाबदल आपोआप व्हावी म्हणून एनव्हीडियानं २०१० साली ऑप्टिमस नावाची सोय आणली. तोवर काही लॅपटॉपवर हाताने बटण सरकवावं लागायचं.

आता भाच्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. दारात मोपेडही आहे म्हणून ट्रॅक्टर काही जास्त ओढत नाही. गेमच्या वेळी ताकद असते ती मोठ्या कार्डाची. छोटं कार्ड त्यात भर घालत नाही. दुकानातल्या ‘सिंगल’चा अर्थही त्यामुळं उलगडतो: त्या लॅपटॉपमध्ये फक्त मोपेड आहे. तेव्हा गेमिंगसाठी त्या दोनपैकी ‘ड्युअल’वालाच घ्यायचा हे खरं, पण तो दोन कार्डं आहेत म्हणून नव्हे, त्यातलं एक मोठं आहे म्हणून. हा फरक नुसता शब्दांचा वाटेल. पण जो ‘दोन आहेत’ एवढ्यावर समाधानी होतो, तो ते मोठं कार्ड किती मोठं आहे हे विचारायचं विसरतो, आणि पैसे तिथंच वाया जातात.

खरोखरची जोडी: फडात रुतलेली ट्रॉली

दोन मोठी, सारखी कार्डं एकाच गेमला जुंपायची कल्पना मात्र खरी होती. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीनं व्हूडू टू नावाचं कार्ड काढलं. दोन व्हूडू टू जोडली की चित्रातल्या एकाआड एक ओळी वाटून घेऊन ती रंगवायची. या पद्धतीला एसएलआय हे नाव पडलं. पुढं थ्रीडीएफएक्स बुडाली, तिचं तंत्र एनव्हीडियाकडं गेलं आणि २००४ मध्ये एनव्हीडियानं एसएलआय हेच नाव नव्या तंत्राला देऊन बाजारात आणलं. पाठोपाठ २००५ मध्ये एटीआयनं क्रॉसफायर आणलं. ती कंपनी पुढं एएमडीनं घेतली.

लॅपटॉपवाले मागं कसे राहतील? एमएसआयच्या जीटी८० टायटनमध्ये जीटीएक्स ९८०एम कार्डांची जोडी मिळायची. एसरच्या प्रिडेटर २१ एक्समध्ये तर दोन जीटीएक्स १०८० होती, २१ इंची वक्र पडदा होता, वजन आठ किलोंच्या वर, चार्जर दोन, आणि २०१७ साली अमेरिकेतली किंमत ८,९९९ डॉलर. याला मांडीवरचा संगणक म्हणणं अवघडच.

या जोडीचा स्वभाव समजायला उसाच्या फडात जाऊ. पावसानं चिखल झालेला, भरलेली ट्रॉली रुतलेली. मग दुसरा ट्रॅक्टर बोलावतात, पहिल्याच्या पुढं साखळीनं बांधतात आणि दोघं मिळून ओढतात. जमतं, पण कसं? दोन्ही ड्रायव्हरांनी क्लच एकाच क्षणी सोडायला हवा. एकानं आधी सोडला तर साखळीला हिसका बसतो आणि दुसऱ्याचं इंजिन नुसतंच गुरगुरतं. शिवाय कडेला उभा राहून “हं, आता!” म्हणणारा तिसरा माणूस लागतो. फडातून रस्त्यापर्यंत दहा-वीस मीटर हे ठीक. साखर कारखान्यापर्यंत सगळा रस्ता दोन ट्रॅक्टर असे साखळीनं बांधून कुणी नेत नाही. त्यापेक्षा एकच, जास्त हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणतात.

साखळीचे हिसके

एसएलआयची पुढची, जास्त वापरली गेलेली पद्धत अशी होती: पहिली फ्रेम पहिल्या कार्डानं काढायची, दुसरी दुसऱ्यानं, तिसरी पुन्हा पहिल्यानं. दोन पेंटर आळीपाळीनं चित्रं रंगवतायत असं समजा. एका चित्राला एका पेंटरला ३३ मिलिसेकंद लागतात. एकटा असता तर सेकंदाला ३० चित्रं झाली असती, दोघं मिळून ६० होतात. आकड्यात दुप्पट.

डोळ्याला मात्र आकडा दिसत नाही, चाल दिसते. दोघांची चित्रं समान अंतरानं आली तर छान. पण बऱ्याचदा व्हायचं असं, की पहिल्याच्या पाठोपाठ पाच मिलिसेकंदांत दुसऱ्याचं चित्र यायचं आणि मग २८ मिलिसेकंद काहीच नाही. पुन्हा पाच, पुन्हा अठ्ठावीस. सरासरी काढली तर साठच भरते, आणि डोळ्यांना तीसच्या जवळपासची अडखळती चाल दिसते. याला मायक्रोस्टटर म्हणतात. आणि प्रत्येक चित्र पूर्ण व्हायला अजूनही ३३ मिलिसेकंदच लागतायत, त्यामुळं तुम्ही बटण दाबल्यापासून गोळी सुटलेली दिसेपर्यंतचा वेळ काही निम्मा होत नाही. नेमबाजीच्या गेममध्ये हेच सगळ्यांत महत्त्वाचं असतं.

मी स्वतः २०१३ साली दोन सारख्या कार्डांचा लॅपटॉप वापरला आहे. जुने, नावाजलेले गेम त्यावर खरंच सुरेख चालायचे, तो आनंद मी नाकारत नाही. पण नवा गेम आला की पहिले काही आठवडे दुसरं कार्ड शून्य टक्क्यांवर बसून असायचं. कारण दोन कार्डांत काम कसं वाटायचं याची प्रत्येक गेमसाठी वेगळी सूचना, म्हणजे प्रोफाइल, ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) यावी लागायची. तोच तो कडेला उभा असलेला तिसरा माणूस. एकदा एका गेममध्ये सारखे झटके बसत होते म्हणून मी एसएलआय बंद करून पाहिलं. फ्रेमचा आकडा घसरला आणि खेळ मात्र गुळगुळीत झाला. त्या संध्याकाळपासून मी कार्डं मोजणं सोडलं.

मग ही जोडी संपली कशानं?

सगळ्यांत मोठा घाव घातला तो नव्या गेमच्या चित्र काढायच्या पद्धतीनं. आजचे गेम प्रत्येक फ्रेम कोऱ्या कागदावर सुरू करत नाहीत. कडा मऊ करायला, सावल्या-प्रतिबिंबं स्थिर ठेवायला, लहान चित्रातून मोठं चित्र तयार करायला ते आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. आता दोन पेंटरांची आळीपाळी आठवा. दुसऱ्याला चित्र सुरू करायचंय, पण त्यासाठी पहिल्याचं चित्र पूर्ण होऊन त्याच्या हातात यायला हवं. म्हणजे दुसरा थांबला. दोघांना पगार चालू आणि काम एकाचंच.

दुसरा घाव जबाबदारीचा. गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुवा म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स. २०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ मध्ये कार्डांची जोडी चालवायचं काम ड्रायव्हरकडून काढून गेम बनवणाऱ्यांच्या हाती देण्याची सोय झाली. अॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटीसारख्या मोजक्या गेमनी ते निभावलं. बाकीच्यांनी हिशेब केला: दोन कार्डंवाले खेळाडू किती, आणि त्यांच्यासाठी महिनोन्महिने खपायचं किती? बहुतेकांनी नाद सोडला.

एनव्हीडियानंही हात आखडता घेतला. २०१६ मधल्या जीटीएक्स १०६० ला एसएलआय दिलंच नाही. आरटीएक्स ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला जोडणीची सोय राहिली. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल देणं थांबलं, आणि २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० वर जोडणीचा कनेक्टरच नव्हता. एएमडीनं क्रॉसफायर हे नाव २०१७ मध्येच बाजूला ठेवलं होतं.

“दोन्हींना चार-चार जीबी, म्हणजे आठ झाले की!”

जाहिरातीत तसं लिहायचे. पण गेममध्ये मेमरीची अशी बेरीज होत नसे. मोठ्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. भिंतींचे पोत, माणसांचे चेहरे, झाडांची पानं हे सगळं चित्र काढताना तिथं हाताशी ठेवलेलं असतं. दोन पेंटर तोच देखावा आळीपाळीनं रंगवत असतील तर दोघांजवळ तीच रंगपेटी हवी. दोघांकडं बारा-बारा रंग असले तरी चित्रात रंग बाराच. चोवीस होत नाहीत.

आणि उष्णता

हे लॅपटॉपपुरतं सगळ्यांत खरं कारण. कार्डाला जाणारी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. दीडशे वॅटची दोन कार्डं म्हणजे तीनशे वॅट, वर प्रोसेसर वेगळा, आणि हे सगळं बोटभर जाडीच्या डब्यात. डेस्कटॉपला मोठी पेटी आणि मोठे पंखे असतात, इथं ते बसवायला जागाच नाही.

बॅटरीचंही बघा. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची असते, म्हणून लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्या मर्यादेतच ठेवतात. तीनशे वॅटला ती किती पुरणार? वीस मिनिटं. एका कार्डाचा गेमिंग लॅपटॉपही चार्जर काढला की मलूल होतो, ते याच हिशेबामुळं.

“पण दोन-दोन, चार-चार कार्डांचे कॉम्प्युटर आजही दिसतात...”

दिसतात, आणि ते योग्यच आहेत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन रेंडर करणारा किंवा एआय मॉडेल चालवणारा माणूस दोन कार्डं लावतो, कारण त्याच्या कामाचे तुकडे सुटे पडतात. एका चित्राचा डावा भाग या कार्डानं, उजवा त्या कार्डानं. कुणाला अर्धा सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही, माउस हलवत कुणी वाट बघत नसतं. एआय मॉडेलचे थर तर दोन कार्डांच्या मेमरीत वाटूनही ठेवता येतात, तिथं बेरीज खरंच उपयोगी पडते. ऊसतोडणीला दहा माणसं लावली तर काम दहापट भराभर होतं, कारण प्रत्येकाचा ऊस वेगळा. गेमिंगचं काम तसं नाही: फ्रेम क्रमानं हवी, वेळेवर हवी आणि आधीच्या फ्रेमला धरून हवी. शिवाय ही जोड-कार्डं डेस्कटॉपवरची आहेत. तुमच्या पोराला थ्रीडीचं काम गंभीरपणे करायचं असेल तर डेस्कटॉपचा विचार वेगळा करा. त्यासाठी लॅपटॉपमध्ये दोन कार्डं शोधू नका.

“मग छोटं आणि मोठं तरी मिळून का चालवत नाहीत?”

बैलजोडीत एक बैल तगडा आणि दुसरा वासरू असेल तर औत वासराच्या चालीनंच चालतं. छोटं कार्ड मोठ्यापेक्षा कितीतरी पटींनी हळू असतं. फ्रेम वाटून दिल्या तर मोठं वाट बघत बसेल.

एक अपवाद सांगायला हवा, कारण पोरं हमखास विचारतात. लॉसलेस स्केलिंग नावाचा प्रोग्राम खऱ्या दोन फ्रेमच्या मध्ये अंदाजानं तयार केलेली फ्रेम घालतो, आणि ते काम दुसऱ्या जीपीयूकडं सोपवता येतं. चाल गुळगुळीत दिसते हे खरं. पण मधली फ्रेम अंदाजाची असते, तुमच्या बटणाला ती उत्तर देत नाही, उलट थोडा उशीर वाढतो. निवांत गोष्टीच्या गेमला वापरून बघायला हरकत नाही. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये मी वापरणार नाही.

“जुना, दोन कार्डांचा लॅपटॉप स्वस्तात मिळतोय”

घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपमधली कार्डं एनव्हीडियाच्या जुन्या केप्लर पिढीची असतात, आणि एनव्हीडियानं त्या पिढीच्या लॅपटॉप कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणं २०१९ मध्येच थांबवलं. नव्या गेमना दुसरं कार्ड दिसणार नाही आणि एकटं पहिलं पुरणार नाही. शिवाय इतकी वर्षं तापून पंखे, बॅटरी, चार्जर थकलेले असतात, आणि तसा मोठा चार्जर आज शोधणं हेच एक काम होऊन बसतं.

एकाच कार्डात बघायचं काय?

इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथंच.

पहिली गोष्ट वॅट. कार्डाला जास्तीत जास्त किती वीज मिळेल याच्या आकड्याला टीजीपी म्हणतात, आणि तो लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठंही बसवता येतं. नाव तेच, स्टिकर तेच. गुऱ्हाळावर जा. काहील तीच, चुलवाण तेच, रसही तेवढाच, पण जळण अर्धंच घातलं तर उकळी यायला वेळ लागणारच. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये बहुधा जळण कमी असतं, कारण उष्णता बाहेर काढायला जागा नसते. ४०५०, ४०६० आणि ४०७० या तिन्हींना एनव्हीडियानं हीच ३५ ते ११५ वॅटची मर्यादा दिली आहे. त्यामुळं पोटभर वीज मिळणारं ४०६० हे उपाशी ठेवलेल्या ४०७० च्या पुढंही जाऊ शकतं.

हा आकडा दुकानातल्या चिठ्ठीवर क्वचितच असतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलच्या पानावर शोधा, ‘मॅक्स टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ म्हणून दिलेला असतो. डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्येही बघता येतो. दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. इतके पैसे मोजणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे.

दुसरी गोष्ट नाव. लॅपटॉपचं ४०९० आणि डेस्कटॉपचं ४०९० ही दोन वेगळी कार्डं आहेत. डेस्कटॉपचं ४५० वॅटचं, लॅपटॉपचं मुळात १५० वॅटपर्यंतचं, आणि आतली चिपसुद्धा वेगळी. यूट्यूबवर डेस्कटॉपची चाचणी बघून लॅपटॉप निवडू नका. नावात ‘लॅपटॉप जीपीयू’ आहे का ते बघा, आणि शक्य असेल तर नेमक्या त्याच मॉडेलच्या लॅपटॉपची चाचणी शोधा.

तिसरी व्हीरॅम. ४०५० ला ६ जीबी असते, ४०६० ला ८. ४०७० लाही ८ च, डेस्कटॉपच्या ४०७० ला मात्र १२. नव्या ५० मालिकेत ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिन्ही लॅपटॉप कार्डांना ८ जीबी आहे, १२ जीबी ५०७० टीआयपासून मिळते. व्हीरॅम भरली की कार्ड लॅपटॉपच्या रॅमकडं धाव घेतं, तिथून माल आणायला वेळ लागतो आणि ऐन धुमश्चक्रीत चित्र अडकतं. आज नवं घेताना ८ च्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. चार वर्षं वापरायचंय.

चौथी, मक्स स्विच. ऑप्टिमसमध्ये मोठ्या कार्डानं काढलेली फ्रेम थेट पडद्यावर जात नाही, आधी छोट्या कार्डाकडं जाते, मग पडद्यावर. पुण्याहून रेल्वेनं कोल्हापूरला यायचं तर मिरजेवरूनच यावं लागतं, तसं. मक्स स्विच म्हणजे हायवे: मोठ्या कार्डाची वायर थेट पडद्याला जोडली जाते, मिरज टळते. फ्रेम थोड्या वाढतात, उशीर थोडा घटतो. हायवेनं जाताना मात्र मोठं कार्ड सतत जागं असतं आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून गेम संपला की परत जुन्या मार्गावर आणायचं. काही लॅपटॉपमध्ये ही अदलाबदल रीस्टार्ट न करता आपोआप होते, त्याला ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस म्हणतात.

बजेटच कमी असेल तर

मोठ्या कार्डाशिवायचा लॅपटॉप म्हणजे गेम बंद असं नाही. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट असे हलके गेम आजच्या छोट्या कार्डांवर चालतात. इथं मात्र ‘दोन’ हा आकडा खरंच उपयोगाचा आहे, फक्त तो रॅमचा. छोटं कार्ड रॅमवरच जगतं. १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर माल यायला-जायला दोन रस्ते मिळतात आणि गेम ठळकपणे चांगला चालतो. अशा लॅपटॉपसाठी दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच.

घरी आल्यावर

आम्ही अखेर दोन्ही लॅपटॉप बाजूला ठेवून तिसराच घेतला, जरा जाड, ४०६०, ११५ वॅटचा. घरी आल्यावर करायच्या गोष्टी थोड्याच होत्या. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं जाऊन प्रत्येक गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ निवडायचं, नाहीतर कधीकधी गेम मोपेडवरच सुरू होतो. खेळताना कंपनीचाच मोठा चार्जर लावायचा, फोनचा टाइप-सी चार्जर नव्हे. आणि लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही, खालच्या जाळीतून त्याला हवा ओढायची असते.

पहिल्याच रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. “मामा, जीपीयू १ सत्त्याण्णव टक्क्यांवर हाय. पण जीपीयू ० पण चार-पाच टक्के दाखवतोय. त्यो कशाला मधी?”

“म्हणजे फ्रेम अजून मिरजेवरूनच यायला लागल्यात,” मी म्हटलं. “मक्स स्विच बदल आणि रीस्टार्ट कर.”